चाचणीचा महिना

गेल्या सुटींत माझा भाचा आमच्या घरीं राहावयास आला होता. त्याचा प्रबंध संपत आला होता, व तो लिहिण्यासाठीं त्यानें एका मोठ्या कंपनीचें ऑफिस सॉफ्टवेअर चाचणीदाखल महिनाभर विनामूल्य घेतलें होतें. महिना सरतांच त्यानें ईमेलचा नवा पत्ता काढला आणि पुनः नवा ग्राहक होऊन दुसरा महिना मिळविला. आतां तिसरा चालू होता. मीं हटकलें तेव्हां तो शांतपणें म्हणाला, "पण मामा, यांत कंपनीचं गेलं काय?"

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. बाजारांत आंबेवाला चाखावयास फोड देतो, तेव्हां त्याचा एक आंबा खरोखरच कापला जातो. संगणकावरील प्रतीचें तसें नाहीं. तिच्या लाख प्रती निघाल्या तरी मूळ प्रत झिजत नाहीं. क्लाउडवर आपण जागा अडवितों तिच्यापायीं कोठें तरी यंत्रें व वीज खर्ची पडते हें खरें, परंतु एका विद्यार्थ्यामागें तो खर्च इतका अल्प कीं त्यावर नीतीची इमारत उभी राहणार नाहीं. म्हणून चोरीचा आरोप मी मागें घेतों. भाच्याचा दोष मला निराळ्याच ठिकाणीं दिसतो. सवलत नव्या ग्राहकासाठीं होती, आणि तो नवा नव्हता. फोड चाखून गेलेला मनुष्य पगडी बदलून पुनः आला, तर आंबेवाल्याचें दिवाळें निघत नाहीं. मात्र त्यानंतर तो प्रत्येक पगडीकडे संशयानें पाहूं लागतो. चाचणीच्या आरंभींच पुष्कळ ठिकाणीं कार्डाचा क्रमांक मागतात, त्याचें एक कारण अशा पगड्या होत.

पण तें एकच कारण नव्हे. मुदत संपतांना आपण नको म्हटलें नाहीं, तर वर्गणी आपोआप सुरू होते. म्हणजे आपला विसराळूपणाही कोणाच्या तरी जमेच्या बाजूस मांडलेला असतो. अशी आवर्ती रक्कम कार्डावरून वळती करण्यापूर्वीं निदान २४ तास ग्राहकास सूचना दिली पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून पुरता अमलांत आला. तो करावा लागला, यांतच बरेंचसें आलें. दानाचीही हीच कथा. गुगलनें मे २०२१ अखेरपर्यंत किंचित् आकुंचित केलेलीं छायाचित्रें अमर्याद ठेवूं दिलीं. १ जूनपासून नवीं चित्रें १५ जीबींच्या हिशेबांत धरलीं जाऊं लागलीं. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हची विनामूल्य जागा २०१६ मध्यें १५ वरून ५ जीबींवर आली. दात्यास हात आखडता घेण्याचा अधिकार आहेच. परंतु घरांतल्या लग्नामुंजींचीं चित्रें एकदां तेथें जाऊन बसलीं म्हणजे आपलें पाऊल मागें निघत नाहीं, हें दात्यास ठाऊक नसतें असें कोण म्हणेल?

मीं भाच्यास लिब्रेऑफिस दाखविलें. सन कंपनीनें २००० सालीं ओपनऑफिसची मूळ संहिता खुली केली. तिच्यापासून २०१० मध्यें हें निघालें. मुदत नाहीं, कार्ड नाहीं, आणि मराठींतही चालतें. इंग्रजींत या प्रकारास जो शब्द आहे त्याचे दोन अर्थ होतात, म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांस तो वर्षानुवर्षें समजावून सांगत बसावें लागलें. आपल्याकडे फुकट निराळें व मुक्त निराळें, हें शेंबड्या पोरासही कळतें. भाच्यानें नाक मुरडलें. मार्गदर्शकांनीं पाठविलेल्या फाइलची मांडणी त्यांत थोडी विस्कटते, ही त्याची तक्रार. आणि ती खोटी नाहीं. पण अन्नछत्रांत जेवून मिरपूड मागण्याचाच हा प्रकार! दुसरा मार्गच नसलेला मनुष्य खोटें बोलला तर त्याची बाजू घेतां येते. येथें मार्ग समोर असून केवळ समास सरळ दिसावेत म्हणून खोटें चाललें होतें.

हें सारें मीं त्यास ऐकविलें. त्यानें तें मुकाट्यानें ऐकून घेतलें, आणि मग माझ्या संगणकाकडे बोट दाखवून विचारलें, "मामा, हें दुसरं खातं कोणाचं?"

पहिल्या खात्याचे १५ जीबी भरले तेव्हां छायाचित्रांसाठीं मींच तें उघडलें होतें. दुसरें खातें काढण्यास मनाई नाहीं, आणि तें काढतांना मी नवा असल्याचें मीं कोणास सांगितलें नव्हतें, हा भेद मीं त्यास समजावून दिला. भेद खरा आहे. मात्र तो सांगतांना माझा आवाज मघाइतका चढा नव्हता, हें त्याच्या मामीच्याही ध्यानांत आलें.