उसनें जुनेपण

गेल्या चैत्रांत जोतिबाचें दर्शन घेऊन डोंगर उतरत असतां रस्त्यालगत एका झाडाखालीं उभी असलेली एक मोटार आमच्या दृष्टीस पडली. मोटार विक्रीस होती. लांबलचक नाक, उघडीं पुढचीं चाकें, वटारलेल्या डोळ्यांसारखे दोन दिवे, आणि सर्वांगाला मुद्दाम दिलेला गंजाचा मळकट रंग. पाहणारास वाटावें कीं हिनें १९३० सालापासून पावसाळे काढले आहेत. जवळ जाऊन चौकशी करतां समजलें तें असें : सांगाडा मोडींत निघालेल्या जीपचा, इंजिन भलत्याच गाडीचें, आणि वरचा पत्रा एका कारागिरानें दोन वर्षें खपून हातानें ठोकलेला. गाडी पुरी होऊन अवघे दोन महिने झाले होते.

विकणारा गृहस्थ मनाचा मोकळा होता. यांतील एकही गोष्ट त्यानें लपविली नाहीं. मात्र किंमत सांगून झाल्यावर तो हसून म्हणाला, "सर, दारात लावा. कोण इचारलं तर सांगायचं, आज्ज्याची गाडी हाय!" आमचे चिरंजीव बरोबर होते, त्यांना ही सूचना फार आवडली. आम्हांला ती नावडली असें आम्हीही शपथेवर सांगूं शकत नाहीं, आणि हेंच या लेखाचें प्रयोजन.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नक्कल करणें हें स्वभावतःच पाप आहे असें निदान कोल्हापूरकरानें तरी म्हणूं नये. बाबूराव पेंटर यांनीं विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें १९१८ सालीं परदेशी कॅमेऱ्याची रचना अभ्यासून आपला कॅमेरा घडविला. त्या खटपटीच्या पायावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० त तिचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्या कॅमेऱ्यास आज कोणी नक्कल म्हणत नाहीं. त्याचें स्मारक उभारलें जातें. दिवाळींत आमच्या अंगणांत पोरें मातीचा पन्हाळा करतात, त्यानें कोणाची फसवणूक झाल्याचें ऐकिवांत नाहीं.

ज्या अमेरिकन गाड्यांचा वेश या मोटारीनें घेतला होता, त्यांचा इतिहासही येथें उपयोगी पडेल. फोर्ड कंपनीनें १९३२ सालीं आठ नळकांड्यांचें इंजिन सामान्यांच्या आवांक्यांत आणलें. कॅलिफोर्नियांतील तरुण जुन्या, स्वस्त गाड्या घेत, वजन घटविण्यासाठीं चाकांवरचे पंखे काढून टाकीत आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या पात्रांत त्या भरधांव पळवीत. दुसऱ्या महायुद्धानंतर हा नाद इतका पसरला कीं १९४८ त 'हॉट रॉड' याच नांवाचें मासिक निघालें. या मुलांनीं जुनी गाडी घेतली, कारण नवी परवडत नव्हती. त्यांना वेग हवा होता, वय नको होतें. पुढें गरजेनें आलेलें तें रूप श्रीमंतांच्या हौसेचें झालें, आणि आतां तर नवा पत्रा आणून त्यावर जुना गंज रंगविण्यापर्यंत मजल गेली आहे.

मग जुनें म्हणजे नक्की काय? जोतिबाच्या डोंगरावर हा प्रश्न पडावा हें योग्यच झालें. आज आपण ज्या देवळासमोर हात जोडतों तें राणोजी शिंदे यांनीं १७३० सालीं मूळच्या लहान देवळाच्या जागीं बांधलेलें आहे. सासनकाठीचा बांबू झिजतो, तडकतो, बदलावा लागतो. पण चैत्री यात्रेंत पाडळीची मानाची काठी गुलालांतून नाचत निघाली म्हणजे "हा बांबू कितव्या सालचा?" असें कोणी विचारीत नाहीं. द्रव्य नवें, परंतु खांदे देणाऱ्या गांवाचा मान अखंड. तेव्हां जुनेपण पदार्थांत नसतें, धाग्यांत असतें, असें म्हणावेसें वाटतें. कोल्हापूरच्या दसऱ्यास बाहेर पडणारी भगव्या रंगाची मेबॅक मोटार घ्या. तीही १९३६ सालीं छत्रपति राजाराम महाराजांकरितां मुद्दाम बनविलेलीच. एके काळीं ती अगदीं नवी होती. महाराज १९४० त निवर्तले. गाडी राहिली, आणि तिचें जुनेपण रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत हळूहळू सांचत गेलें.

कायद्यानेंही याविषयीं आपलें मत दिलें आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणें, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवर वय असलेली आणि सांगाडा, कवच व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच 'व्हिंटेज' ठरते. आमच्या झाडाखालच्या मोटारीची अर्थात् तिन्ही ठिकाणीं दांडी. पण कायद्याचें माप हें नीतीचें माप नव्हे. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे गांवच्या एका कारागिरानें भंगारांतून सुमारें साठ हजार रुपयांत, पायानें चालू करण्याची मोटार बनविली. ती रस्त्यावरच्या नियमांत बसणारी नव्हती. तरी आनंद महिंद्र यांनीं २०२१ च्या अखेरीस तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली आणि पुढच्याच महिन्यांत ती दिलीही. त्या कारागिराची गाडी नियमाबाहेरची होती, पण खोटी नव्हती. ती त्याच्या हातची होती आणि तसेंच ती सांगत होती.

आमच्या विक्रेत्यानेंही खोटें सांगितलें नाहीं, हें तर आम्हीं आधींच लिहिलें. खोटें आम्हांस सांगावयाचें होतें! त्यानें असत्याचे केवळ सुटे भाग पुरविले. जोडणी गिऱ्हाइकानें घरीं नेऊन करावयाची. "यांत कुणाचं काय नुकसान आहे, बाबा?" असें चिरंजीवांनीं उतरतां उतरतां विचारलें. शेजाऱ्याचें नुकसान नाहीं. त्याला दोन घटका कौतुक करावयास मिळेल. मग कोणाचें?

आमचे आजोबा कोल्हापूर संस्थानांत प्राथमिक शिक्षक होते. चैत्री पौर्णिमेस ते पायीं, अनवाणी, जोतिबास जात. सायकलसुद्धां त्यांच्या नांवावर कधीं नव्हती. ती मोटार दारांत उभी करून 'आजोबांची' म्हणतांक्षणीं त्या अनवाणी म्हाताऱ्यास आम्हीं घरांतून बाहेर काढलें असतें, आणि त्याच्या जागीं गॉगल लावलेला एक इनामदार आणून बसविला असता. मेलेल्या माणसाला तक्रार करतां येत नाहीं. त्याचें खरें आयुष्य सांभाळणारे आपणच. आणि तें पुरेसें शोभिवंत नाहीं म्हणून आपण दुसरें विकत घ्यावें, यांत त्याचा जो अपमान आहे तो उघड शिवीनेंही होणार नाहीं.

इतकें सांगून आम्ही विजयी मुद्रेनें चालूं लागलों. तोंच चिरंजीव शांतपणें म्हणाले, "मग आपला झोपाळा?"

आमच्या दिवाणखान्यांत पितळी कड्यांचा एक सागवानी झोपाळा आहे. पंधरा वर्षांपूर्वीं आम्हीं तो जुन्या बाजारांतून आणला. येणारे-जाणारे त्यावर हात फिरवून "वडिलोपार्जित दिसतोय" म्हणतात, आणि आम्ही आजवर नुसते हसत आलों आहों. या हसण्यास खोटें म्हणावें काय, याचा विचार आम्ही घर येईपर्यंत करीत होतों. विक्रेत्याच्या सूचनेंत आणि आमच्या हसण्यांत भेद एवढाच सांपडला कीं, त्यानें तें बोलून दाखविलें होतें.

गेल्या रविवारीं एक स्नेही आले, झोपाळ्यावर बसले, आणि नेहमींचा प्रश्न त्यांनीं विचारला. चिरंजीव वर्तमानपत्राआडून पाहत होते. आम्हीं सांगितलें कीं, झोपाळा जुन्या बाजारांतला. आमच्या आजोबांच्या घराला झोपाळा पेलेल अशी तुळईच नव्हती. स्नेही क्षणभर थांबले, "असं होय?" म्हणाले, आणि पायानें पुन्हां झोका देऊन आजोबा कोणत्या शाळेवर होते तें विचारूं लागले.