लाभार्थींची संख्या

अनुदान म्हणजे जे मागून मिळतं ते. यातल्या 'मागून' या शब्दाचे दोन्ही अर्थ घ्यावेत. आधी ते अर्ज करकरून मागावं लागतं, आणि मिळतं ते कार्यक्रम होऊन गेल्यावर, मागाहून. मधल्या काळात गवयाचं मानधन, तबलजीचं गाडीभाडं आणि सतरंज्यांचं भाडं कुणी द्यायचं, हा प्रश्न संस्थेच्या खजिनदारानं आपल्या पत्नीशी विचारविनिमय करून सोडवायचा असतो.

हे मी अधिकारवाणीनं सांगतो, कारण आमच्या गावच्या संगीत मंडळाचा मी खजिनदार आहे. गाण्यातलं कळतं म्हणून नव्हे. मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे, एवढ्या दोन पात्रता समितीला पुरल्या. "गाण्यातलं कळणारी सात माणसं आपल्याकडे आहेत, हिशेबातलं कळणारं एकही नाही," असं अध्यक्ष म्हणाले आणि मी बिनविरोध निवडून आलो. पहिल्याच महिन्यात मला कुणीतरी सांगितलं, की भूप आणि देसकार या दोन रागांचे सूर तेच, पण राग वेगळे. आता हा गोंधळणार, या आशेनं सगळे माझ्याकडे बघत होते. पण मला ते चटकन पटलं. बँकेत तरी दुसरं काय असतं? आकडे तेच, खाती वेगळी.

आमचं मंडळ वर्षाला सहा बैठकी करतं आणि चार शाळांमधून मुलांना गाण्याची ओळख करून देतं. बैठक म्हणजे खोलीतलं गाणं. इंग्रज लोक चेंबर म्युझिक म्हणतात तेही खोलीतलंच वाजवणं. फक्त तिकडे खुर्च्या असतात आणि मध्येच 'वाहवा' म्हणायची सोय नसते. या कामासाठी आम्हांला थोडं सरकारी अनुदान मिळतं आणि त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र मला भरावं लागतं. त्यात एक रकाना 'लाभार्थींची संख्या' असा असतो. शाळेच्या कार्यक्रमांपुढे आणखी एक असतो : 'विद्यार्थ्यांमध्ये झालेला बदल (टक्केवारीत)'.

टक्केवारी काढणं हा माझा पेशा आहे. पण यमन ऐकून सातवी ब मध्ये द.सा.द.शे. किती बदल झाला, हे कुठल्या कोष्टकात बघायचं? मी वर्गशिक्षिकांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तासभर गप्प बसली होती हो कार्टी! शंभर टक्के लिहा." मी लिहिलं. लिहिताना मात्र हात जरा अडखळला. मी स्वतः पाचवीत असताना आमच्या शाळेत एक सतारवादक येऊन गेले होते. मला आठवतं ते एवढंच, की त्या दिवशी गणिताचा तास बुडाला. बदल : शून्य टक्के. आणि पस्तीस वर्षांनी मंडळाच्या एका बैठकीत सतारीची तार छेडली गेली, तेव्हा परक्या गावच्या स्टेशनावर आपल्या आळीतलं माणूस भेटावं तसं मला झालं. ही ठेव मुदत पुरी व्हायला पस्तीस वर्षं लागली. त्या वर्षीच्या ३१ मार्चला ती कुठल्या रकान्यात दाखवली असती?

फेब्रुवारीतल्या एका दुपारी डबा खाऊन मी हे कागद बँकेतच पसरून बसलो होतो. जानेवारीच्या बैठकीपुढे '२७' लिहिलं, तोच आमचे हेड कॅशिअर मागून डोकावले.

"सत्तावीस? एवढ्या माणसांत आमच्या सोसायटीची सभा कोरमअभावी तहकूब होते! आणि यावर जनतेचा पैसा? अहो, ज्या शाळेत तुम्ही ताना मारून आलात, तिचं छप्पर गळतंय. आधी छप्पर, मग मल्हार!"

वाक्य फर्मास होतं. सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाईपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर बसमध्ये बसून होतं, आणि तिकीटही माझ्याच खिशातून काढत होतं.

कारण मुद्दा खोटा नाही. खरोखरच एका हातात छप्पर आणि एका हातात मल्हार अशी वेळ आली, तर मी छपराला मत देईन. भिजणाऱ्या मुलाला मेघमल्हार ऐकवणं हा विनोद झाला, संस्कार नव्हे. पण गाण्याचे वाचवलेले पैसे पत्रे होऊन छपरावर चढल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. आणि इंग्लंडात तर याच्या उलट घडलं. १९४० साली लढाई सुरू असताना, तिथल्या सरकारनं संगीत आणि कलांना उत्तेजन देणाऱ्या एका मंडळाला पैसे दिले. वादक कारखान्यांच्या कँटीनमध्ये जाऊन वाजवू लागले. त्याच साली लंडनवर बाँब पडत होते. म्हणजे तिथे छप्परं गळत नव्हती, उडत होती! त्याच मंडळाची पुढे १९४६ मध्ये आर्ट्स कौन्सिल झाली.

"मग तिकीट लावा ना!" हे हेड कॅशिअरांचं दुसरं वाक्य. मी हिशेब मांडून बघितला. बैठकीचा खर्च अठरा हजार, माणसं सत्तावीस. डोई सहाशे सहासष्ट रुपये सहासष्ट पैसे. एवढं तिकीट लावल्यावर गावातले दोन डॉक्टर आणि एक बिल्डर आले असते. त्यातला बिल्डर पासावर.

आणि हा खर्च कमी होत नाही, याला खजिनदाराचा गलथानपणा कारण नाही, हे मला छापील आधारासह सांगायचं आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली एक पुस्तक लिहून हेच दाखवलं. कारखान्यात यंत्रं येतात, तासाला जास्त माल निघतो, पगार वाढतात. पण चार माणसांनी वाजवायची चीज दोनशे वर्षांपूर्वी चौघंच वाजवत होती आणि आजही चौघांनाच, तेवढाच वेळ वाजवावी लागते. पोट मात्र त्या चौघांनाही आजच्या भावानं भरावं लागतं. आमच्याच बँकेत बघा. पूर्वी पासबुक हातानं भरायला दहा मिनिटं लागत. आता दारातलं यंत्र ते खर्रकन छापून देतं. विलंबित ख्यालाला असं यंत्र लावता येत नाही. उलट काही गवयांनी तो आणखी विलंबित करून ठेवला आहे.

एवढा दारूगोळा जमवून मी दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. हेड कॅशिअर रजेवर होते. समोर आले ते चहा घेऊन आमचे शिपाईमामा. म्हटलं, यांच्यावरच सराव करू.

"भाऊसाहेब, काल कशावरून चाललं होतं?" त्यांनीच विचारलं.

"गाण्याला सरकारी पैसा द्यावा की नाही, यावरून."

"सरकारी म्हंजे कुणाचा?"

मी खुर्चीत सावरून बसलो. बी.कॉम. माणसाला असा प्रश्न आयुष्यात एकदाच येतो. साबणाच्या वडीवर कर कसा असतो, बिस्किटाच्या पुड्यावर कसा असतो, तो थेंबाथेंबानं तिजोरीत कसा जातो, हे मी दहा मिनिटं समजावलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे माझेबी पैशे आहेत त्यात?"

"आहेत तर!" मी म्हणालो, आणि आता ते 'मग बंद करा हे' म्हणतील म्हणून बॉमोलसाहेबांना पुढे काढलं.

मामा म्हणाले, "मग मला कधी बोलावलं नाही ते?"

बॉमोलसाहेब परत खिशात गेले.

वाचकहो, हा प्रश्न एकट्या आमच्या मंडळाचा नाही, फार जुना आहे. हायडन हा थोर संगीतकार एस्तरहाझी सरदारांच्या पदरी वर्षानुवर्षं चाकरीला होता आणि त्याला चाकरांचा गणवेश घालावा लागे. खेळांचा खर्च शेवटी कुळांच्या अंगावर, आणि ऐकायला पाहुणे. आपल्याकडे अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापुरात शाहू महाराजांनी आश्रय दिला, म्हणून केवढी गायकी टिकली! पण दरबारचा खजिना भरला तो रयतेच्या शेतसाऱ्यानं. तेव्हा रयतेनं विचारलं नाही, कारण विचारायची रीतच नव्हती.

ही रीत मोडायची धडपड माणसांनी केली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर संस्थानिकांचा आसरा सोडून बाहेर पडले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, लोकांच्या बळावर. पुढे त्यांची मुंबईतली इमारत कर्जापायी लिलावात गेली; हे वाचताना माझ्यासारख्या बँकवाल्याची मान आपोआप खाली जाते. १९५३ साली दिल्लीत संगीत नाटक अकादमीचं उद्घाटन झालं आणि राजेसाहेबांच्या लोडाला सरकार टेकून बसलं. १९७७ मध्ये दिल्लीच्या आय.आय.टी.तले प्राध्यापक किरण सेठ यांनी स्पिक मॅके सुरू केली. त्यांनी मुलांना मैफलीला बोलावलं नाही, मैफलच मुलांच्या शाळा-कॉलेजात नेली.

मला हे माझ्या भाषेत असं कळलं. बँकेत एखाद्या ठेवीची दहा वर्षं कुणी चौकशी केली नाही, तर ती रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. पण म्हणून ती आमची होत नाही. ठेवीदाराचा हक्क कायम राहतो, आणि त्याला शोधून काढायचं काम आमच्या गळ्यात असतं. मामा हे असे ठेवीदार आहेत. वर्षानुवर्षं साबणाच्या वडीतून ते गाण्याच्या खात्यात पैसे भरताहेत, आणि आपलं इथे खातं आहे हे त्यांना कुणी कळवलेलंच नाही. त्या सत्तावीस माणसांसाठी अनुदान घेण्यात मला पाप वाटत नाही. रस्त्यावरचा प्रत्येक दिवाही प्रत्येकाच्या उपयोगी पडत नाही. पाप आहे ते दार लावून घेण्यात. शाळेतले कार्यक्रम हा अनुदानावरचा शेंडीचा नारळ आहे, असं आम्ही समितीत समजत होतो. तो नारळ नव्हे. ते ठेवीदाराला पाठवलेलं पत्र आहे. ते पत्र न धाडता पैसे वापरले, तर बँकेत त्याला जो शब्द आहे तो मी इथे लिहीत नाही.

मार्चच्या बैठकीचं बोलावणं मी मामांना घरी जाऊन केलं. ते आले. पांढरा सदरा घालून, चपलांच्या ढिगाजवळ बसले. बाईंनी पूरिया धनाश्री लावला. अर्ध्या तासानं मामा उठले. संपलं, म्हटलं. तर ते कोपऱ्यातला करकरणारा पंखा बंद करून पुन्हा जागेवर येऊन बसले. तो पंखा आम्ही जाणकार मंडळी तीन वर्षं ऐकत होतो.

निघताना मी विचारलं, "कसं वाटलं मामा?"

"पहिला तास लई हळू. आपल्या काउंटरवानी. पण बाईंनी एकदा वरचा सूर लावला ना, तवा मी घरचं समदं इसरलो." मग दोन पावलं जाऊन ते वळले. "पुढचं कवा?"

मी प्रमाणपत्र भरून पाठवलं. पंधरा दिवसांत परत आलं. वर लाल शाईत शेरा : 'हजेरीपटावर सह्या ३१, प्रमाणपत्रात लाभार्थी ३२. तफावतीचा खुलासा करावा.'

मामांना विचारलं. म्हणाले, "दारात सही करा म्हनले. बँकेत एवढी वर्षं काढली भाऊसाहेब. सही केली की कर्ज लागतं, एवढं मला कळतं."

तफावतीचा खुलासा वरीलप्रमाणे आहे. कर्ज आमच्याकडे लागतं, मामांकडे नव्हे. आकडा ३२ च धरावा, ही विनंती.