फॅरोचं नाणं

इजिप्तची नाणी जमवतो म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "मग फॅरोचं एखादं दाखवा की!" ज्यांनी पिरॅमिड उभे केले त्यांच्याकडे नाणीच नव्हती, हे पटकन कुणाच्या गळी उतरत नाही. मलाही या नादाला लावलं ते फॅरोंनीच. पण खुफू काय, रामसेस काय, तुतनखामेन काय, यांतल्या एकानंही उभ्या हयातीत नाणं पाहिलं नव्हतं. तुतनखामेन इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला. नाणं म्हणावं अशी वस्तू आशिया मायनरमधल्या लिडियात निघाली ती त्यानंतर सहा-सातशे वर्षांनी.

तोवर इजिप्तचं काही अडलं नव्हतं. कारागिराला मजुरी धान्यात मिळे आणि वस्तूची किंमत 'देबेन' या तांब्याच्या वजनात मोजत. एक देबेन म्हणजे साधारण ९१ ग्रॅम. राजांची थडगी खोदणाऱ्या कामगारांचं देर अल्-मदीना नावाचं गाव होतं. तिथल्या खापरांवर गाढवाचे, शवपेटीचे भाव असे देबेनमध्ये लिहिलेले सापडतात. तांबं प्रत्यक्ष हातात येईच असं नाही. तेवढ्या किमतीचं तेल, कापड, टोपल्या द्यायच्या आणि हिशेब मिटवायचा.

नाणं आलं ते भाडोत्री सैनिकांपायी. इराण्यांशी लढायला ठेवलेल्या ग्रीक शिपायांना पगार नाण्यातच हवा असे, म्हणून इजिप्तमध्ये आधी अथेन्सच्या घुबडछाप नाण्यांच्या नकला पाडल्या गेल्या. मग दुसऱ्या नेक्टानेबोनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या मध्याला सोन्याचं नाणं काढलं. एका बाजूला उधळलेला घोडा, दुसऱ्या बाजूला 'उत्तम सोनं' असं सांगणारी दोन चित्राक्षरं. फॅरोचं म्हणावं असं नाणं ते हेच. पण त्यावर फॅरोचा चेहरा नाही, आणि तो होता इजिप्तचा शेवटचा एतद्देशीय फॅरो. असल्या नाण्याची माझ्यासारख्यानं फक्त छायाचित्रं बघावीत.

पुढे कित्येक शतकं नाणी बाहेरून आलेल्यांची. अलेक्झांडरचा सरदार टॉलेमी इजिप्तचा राजा झाला आणि त्यानं मोठी हुशारी केली. ग्रीक जगात चार द्राख्मांचं चांदीचं नाणं सुमारे १७ ग्रॅमचं असे. त्यानं आपलं १४ ग्रॅमच्या थोडं वर आणून ठेवलं आणि राज्यात दुसरं नाणं चालेनासं केलं. बंदरात उतरलेल्या व्यापाऱ्यानं आपली जड नाणी द्यायची, हलकी घ्यायची. मधला फायदा राजाचा. टॉलेमींची तांब्याची नाणी मात्र अवाढव्य. सर्वांत मोठी नव्वद ग्रॅमच्या घरातली, म्हणजे आपली दहा रुपयांची डझनभर नाणी एकत्र तोलावीत तेवढी. पुढे एडक्याची शिंगं असलेला झ्यूस-आमोन, मागे वज्रावर बसलेला गरुड आणि दोन्ही बाजूंना बरोबर मध्यावर एक बारीक खळगा. छाप मारण्यापूर्वी तबकडी घासून सारखी करताना ती जिथे टेकवत तिथला तो वण, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

माझा जीव खरा जडला तो रोमन काळातल्या अलेक्झांड्रियाच्या नाण्यांवर. दिसायला ती अगदीच गरीब. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाअखेर त्यांच्यात चांदी नावालाच उरली होती, त्यामुळे बाजारात ती अजून सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत. पण या मळकट नाण्यांवर वर्ष असतं. रोमच्या नाण्याचा काळ सम्राटाच्या पदव्यांवरून ताडावा लागतो. इथे इंग्रजी एलसारखी खूण म्हणजे 'वर्ष' आणि शेजारचं ग्रीक अक्षर म्हणजे आकडा. त्यातही गंमत आहे. इजिप्तचं नवं वर्ष २९ ऑगस्टला लागे आणि राज्यारोहणानंतरचा पहिला तुकडा, कितीही छोटा असो, पहिलं वर्ष म्हणून धरत. गाल्बा जून ६८ मध्ये सम्राट झाला आणि जानेवारी ६९ मध्ये मारला गेला. सात महिन्यांची कारकीर्द, पण नाणी पहिल्या वर्षाचीही आहेत आणि दुसऱ्याचीही!

माझ्याकडच्या एका नाण्याच्या दोन बाजूंना दोन राज्यकर्ते आहेत. एकीकडे सम्राट ऑरेलियन, दुसरीकडे पाल्मिराच्या झेनोबिया राणीचा मुलगा वाबालाथस. २७० मध्ये पाल्मिराच्या फौजांनी इजिप्त घेतलं, पण रोमशी उघड वैर घ्यायची अजून तयारी नव्हती, म्हणून हा जोडसंसार. भिंगाखाली धरलं की ऑरेलियनच्या बाजूला 'वर्ष दुसरं' दिसतं आणि पोराच्या बाजूला 'वर्ष पाचवं'. मान रोमला, पण ज्येष्ठता आमची! हा मजकूर टांकसाळीत कुणी कुणाला विचारून कोरला असेल, याचा विचार मी अजून करतो. पुढे वाबालाथसची एकट्याची नाणी निघाली आणि २७२ पर्यंत ऑरेलियननं सगळं परत घेतलं.

आपल्या बाजूच्या लोकांना यात एक प्रश्न पडायला हवा. तांबड्या समुद्रावरच्या इजिप्शियन बंदरांतून जहाजं कल्याण, सोपारा, चौलला येत. 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात ही नावं आहेत. मग अलेक्झांड्रियाच्या नाण्यांचे ढीग आपल्याकडे का सापडत नाहीत? उत्तर टॉलेमीच्या त्या हुशारीत आहे. ती पद्धत रोमनांनीही चालू ठेवली. इजिप्तचं नाणं इजिप्तपुरतं. परदेशच्या खरेदीला रोमचं सोनं आणि चांदी. उलट दिशेनं मात्र एक नाणं गेलं. बेरेनिके या इजिप्शियन बंदराच्या उत्खननात आपल्याकडच्या पश्चिम क्षत्रपांच्या तिसऱ्या रुद्रसेनाचं चांदीचं नाणं मिळालं. कुणाच्या कमरेला राहून गेलं असेल.

अरब आले आणि नाण्यावरचे चेहरे गेले, अक्षरं उरली. फातिमी दिनारांवरची एकात एक वर्तुळांत फिरणारी अक्षरं सुंदर आहेत, पण मला ती वाचता येत नाहीत आणि न वाचता आलेलं नाणं माझ्या हातात फार काळ टिकत नाही. उस्मानी काळात पुन्हा माझ्या आवडीचा हिशेब भेटतो. सुलतान दुसऱ्या अब्दुल हमीदच्या सगळ्या नाण्यांवर एकच साल, हिजरी १२९३. ते त्याच्या राज्यारोहणाचं. नाणं पाडल्याचं वर्ष हवं तर बाजूचा छोटा आकडा बघून बेरीज करायची. तो आकडा वाचताना मराठी डोळा हमखास फसतो, कारण आपल्या शून्यासारखं दिसतं ते तिथलं पाच आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका.

अलीकडची नाणी मला इजिप्तची सहल करून आलेले लोक आणून देतात, कारण उरलेली चिल्लर इथे कुणी बदलून देत नाही. त्यांच्यासोबत पिरॅमिडपाशी फेरीवाल्यानं दिलेलं एखादं 'क्लिओपात्राचं नाणं'ही येतं. "काका, खरं आहे ना हो?" मी कडेवरची साच्याची रेघ दाखवतो, पृष्ठभागावरचे बुडबुड्यांचे खड्डे दाखवतो. ओतीव माल. खरं निघतं तर पंचाईत अधिक होती: इजिप्तच्या १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्यानं तिथल्या पुरावस्तू सरकारच्या, त्यांचा व्यापार बंद. म्हणून जुनं नाणं घेताना आधी कुठल्या जुन्या संग्रहातून आलं त्याचे कागद पाहतो. कागद नसले तर स्वस्त असूनही सोडून देतो, आणि हळहळतोही.

या छंदाचा बादशहा खुद्द इजिप्तच्या गादीवर होता. राजा फारूकनं आठ हजारांवर नाणी आणि पदकं जमवली. १९५२ मध्ये त्याला देश सोडावा लागला आणि १९५४ मध्ये कैरोत त्या संग्रहाचा लिलाव झाला. त्यातलं १९३३ चं अमेरिकी सोन्याचं वीस डॉलरचं नाणं अमेरिकेच्या मागणीवरून बाजूला काढलं आणि मग ते गायबच झालं. तसलं एक १९९६ मध्ये न्यूयॉर्कला पकडलं गेलं. ते २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरना विकलं गेलं. फारूकच्या चेहऱ्याचं काशाचं नाणं मात्र आज कुणीही चहाच्या पैशांत घ्यावं.

त्याच्या जागी १९५४ च्या नाण्यांवर स्फिंक्स आला. २००५ च्या एक पौंडाच्या दुरंगी नाण्यावर तुतनखामेनचा मुखवटा आला. ज्याला नाणं ठाऊक नव्हतं तो आता देशाच्या खिशाखिशांत आहे. २०१९ मध्ये आणखी पौंड निघाले, कुठे असियूतचा बंधारा, कुठे बेनबानचे सौरपट्टे. जाणते संग्राहक ही सरकारी जाहिरात म्हणून बाजूला सारतात. मी घेतो. अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीनं हेड्रियनच्या काळी नाईलदेवाच्या शेजारी सोळाचा आकडा कोरला होता: पूर सोळा हात चढला, पीक चांगलं येणार, बघा आमचा कारभार. तो बंधाराही नाईलवरच आहे, म्हणून ते नाणं मी त्या नाईलदेवाच्या शेजारच्या कप्प्यात ठेवलं आहे. सालवारीच्या शिस्तीत ते बसत नाही.