वांझ फुलें

फळाची आशा न धरतां कर्म करावें, हा उपदेश आपल्याकडे इतका सोपा झाला आहे कीं, ज्याचें स्वतःचें काम बिघडलेलें नाहीं असा कोणीही मनुष्य तो दुसऱ्यास केव्हांही करूं शकतो. आम्हीही तो अनेकांस केला आहे. परंतु त्याचा अर्थ आपणांस खरोखर कळला आहे कीं नाहीं, ही शंका आम्हांस प्रथम आली ती एखादा ग्रंथ वाचतांना नव्हे, तर भिवंडीच्या आमच्या घराच्या परसांत, काकडीच्या वेलापुढें उभे असतांना.

भिवंडी हें मागांचें गांव. येथें यंत्रमागांची खटखट रात्रंदिवस कानांवर असते. कापडाच्या एका इंचांत आडवे धागे किती बसले, हें येथें मोजतात. त्या धाग्यांना मागवाल्यांच्या बोलीत 'पिक' म्हणतात. जेवढें विणावें तेवढें कापड, आणि जेवढें कापड तेवढा मोबदला; श्रम आणि फळ यांच्यामध्यें, निदान वरवर पाहतां, तिसरें कोणी दिसत नाहीं. अशा गांवांत आयुष्य घालवून आम्ही बागकामास हात घातला, तो हाच हिशेब मनांत धरून.

ज्येष्ठाच्या अखेरीस आम्हीं काकडीचें बीं अर्ध्या पेराइतकें खोल लावलें. तें चार-पांच दिवसांत, क्वचित् आठवड्यानें उगवतें; परंतु आम्हांस धीर कोठला! तिसऱ्याच दिवशीं माती उकरून पाहिली आणि कोंब मोडला. दुसऱ्या खेपेस रोपें आलीं, तेव्हां वरून पाऊस कोसळत असतांही तीं सुकतील या भीतीनें आम्ही त्यांस पाणी घालीत होतों. मुळांस पाण्याइतकीच हवाही लागते. ती न मिळाल्यानें रोपें पिवळीं पडून मेलीं. शेवटीं बाजारांत भाजी विकावयास बसणाऱ्या एका आजीबाईंच्या सांगण्यावरून उंच वाफा केला, त्यांत वाळू व शेणखत मिसळलें, तिसऱ्यांदा बीं लावलें आणि बांबूचा मांडव घातला. पावसाळ्यांत जमिनीवर पसरलेला वेल व त्याचीं फळें लवकर कुजतात. मांडवावर त्यांस वारा लागतो आणि काकडी सरळ लोंबते.

पांच आठवड्यांनीं वेलावर पिवळीं फुलें आलीं आणि फळ न धरतांच गळून गेलीं. आम्हीं त्यांस 'वांझ फुलें' असें नांव दिलें, आणि वेलाची शक्ति हीं फुकट खातात असा तर्क करून रोज सकाळीं खुडूं लागलों. पुढें कांहीं फुलांच्या मागें करंगळीहूनही लहान अशी काकडी दिसली. परंतु तीही दोन-चार दिवसांत पिवळी पडून सुके.

उलगडा आजीबाईंनींच केला. प्रथम येतात तीं नरफुलें. त्यांच्यामागें नुसता देठ असतो. ज्यांच्या मागें इवलीशी काकडी असते तीं मादीफुलें, तीं आठ-दहा दिवस मागाहून येतात. पुढें आम्ही चौकशी केली, तेव्हां कळलें कीं, मादीफूल बहुधा एकच दिवस उमललेलें असतें. तेवढ्या वेळांत मधमाशीनें नरफुलांतला पराग त्यावर आणून टाकावा लागतो, तोही एका फेरींत नव्हे, अनेक फेऱ्यांत. पराग अपुरा पडल्यास काकडी वांकडी होते. सारांश, ज्यांस वांझ म्हणून आम्ही खुडीत होतों, त्यांच्यावांचून आमच्या वेलास एकही काकडी धरणें शक्य नव्हतें. शिवाय किडींवरचें औषध आम्ही सकाळीं, म्हणजे नेमकें मधमाशांच्या येण्याच्या वेळीं, फवारीत होतों!

आतां प्रश्न असा कीं, आमचा दोष कोणता? आळस खास नव्हे. श्रम आम्हीं हवे त्याहून अधिकच केले. फळावर अधिकार नाहीं याचा अर्थ, फळ येवो अथवा न येवो, आपणांस काय त्याचें, असा पुष्कळजण करतात. परंतु असा उदासीन मनुष्य वेलाला मांडव तरी कशाला घालील? अधिकार या शब्दांत मर्यादेचाही अर्थ आहे. माती भुसभुशीत करणें, पाण्यास वाट देणें, औषध मारणें भागच पडलें तर तें सायंकाळीं मधमाशा परतल्यावर मारणें, आणि काकडी कोंवळी आहे तोंच तोडणें (कारण वेलावर जून होऊं दिलेलें फळ पुढच्या फळांस अडवितें), एवढा वांटा आमचा. उरलेला वांटा उन्हाचा, मधमाशीचा आणि खुद्द वेलाचा. फळाचा लोभ सुटला म्हणजे मनुष्य दुसऱ्याच्या वांट्यांत हात घालतो आणि त्याच गडबडींत स्वतःचा वांटा विसरतो. निष्काम होणें म्हणजे बेफिकीर होणें नव्हे. आपल्या कामाची शींव अचूक ओळखणें होय.

यावर कोणी म्हणेल, नरफूल तोडून मादीफुलावर हातानें पराग लावतां येतो. मग मधमाशीचा वांटा मनुष्यानें कां घेऊं नये? अवश्य घ्यावा. परंतु तो घेणारास नरफूल निरुपयोगी नाहीं, हें आधीं पटलेलें असावें लागतें. तेराव्या शतकांत अरणच्या सांवता माळ्यास मळ्यांतल्या भाजींत विठ्ठल दिसला. ही श्रमाची थोरवी, असें आम्ही आजवर समजत होतों. आतां वाटतें, ज्याला भाजींत देव दिसतो, त्याला कोणत्याही फुलास वांझ म्हणण्याची घाई होत नसावी.

हें सारें आम्ही एका रात्रीं जेवतांना मोठ्या उत्साहानें सांगत होतों. ऐकून आमचें कुटुंब शांतपणें म्हणालें, "फुलें खुडायची तुमची संवय जुनीच आहे. मुलाची बासरी माळ्यावर कोणीं टाकली होती?"

घांस हातांतच राहिला. दहावीच्या वर्षीं, बासरीनें गुण मिळत नाहींत म्हणून, ती आम्हींच काढून घेतली होती. परीक्षेंत तो उत्तम गुणांनीं उतरला. बासरी मात्र त्यानें पुन्हा कधीं मागितली नाहीं. आज तो पुण्यास नोकरींत आहे. दर रविवारीं त्याचा फोन येतो. त्यांत प्रकृतीची चौकशी असते, पावसाची असते, आणि मग आम्हां दोघांसही कांहीं सुचत नाहीं.

त्यानंतर आम्हीं फुलें खुडणें सोडलें. भाद्रपदांत वेलाला काकड्या धरल्या. कांहीं सरळ, कांहीं वांकड्या. दसऱ्यास मुलगा घरीं आला, तेव्हां चार काकड्यांबरोबर ती बासरीही पुसून त्याच्या पिशवीशेजारीं ठेवली. ती तूं वाजवशील ना, हें शब्द अगदीं ओठांपर्यंत आले होते. आम्हीं विचारलें नाहीं.