‘लोड घेऊ नकोस’ म्हणण्यापूर्वी



सिन्नरच्या स्टँडवर, कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा माळेगाव-मुसळगावच्या एमआयडीसीत पाळी सुटल्यावर आपल्या तरुणांचे बोलणे कानावर पडते. ‘डोक्याची मंडई झाली’, ‘डोक्याला शॉट लागलाय’, ‘फुल फ्रस्ट्रेशन’. त्यावर मित्राचे ठरलेले उत्तर असते, ‘लोड घेऊ नकोस.’ अलीकडे मोबाईलमुळे या भाषेत डॉक्टरांचे शब्दही आले आहेत. पेपर अवघड गेला की ‘डिप्रेशन’. कपाट नीट लावणारा ‘ओसीडी’वाला. सकाळी हसून संध्याकाळी रुसणारी मैत्रीण ‘बायपोलर’. मास्तर रागावले तर ‘ट्रॉमा’. घरातली वडील मंडळी हे ऐकून कधी हसतात, कधी चिडतात, ‘आमच्या वेळी नव्हती ही थेरं!’

खरेच नव्हती का? विड्या वळून संसार ओढणाऱ्या आपल्या आयाबायांना कोणी हे इंग्रजी शब्द शिकवले नव्हते. पण ‘जिवाला घोर लागलाय’, ‘कशातच जीव रमत नाही’, ‘काळीज नुसतं धडधडतं’ असे त्या म्हणतच होत्या. दुखणे जुनेच आहे, नाव तेवढे नवे आहे. त्या दुखण्याची टर उडवणारे शब्दही आपल्याकडे जुनेच आहेत. ‘मेंटल’, ‘येडा’, ‘स्क्रू ढिला’, ‘याला ठाण्याला नाहीतर येरवड्याला पाठवा’. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. तेथे आजारी माणसांवर उपचार होतात. हृदयाच्या इस्पितळाचे नाव घेऊन आपण कोणाची थट्टा करत नाही. मग मनाच्या इस्पितळाचेच नाव शिवीसारखे का वापरतो?

प्रभू येशूने शब्दांना फार गंभीरपणे घेतले. डोंगरावरील प्रवचनात ‘खून करू नकोस’ या आज्ञेविषयी बोलताना तो लगेच साध्या बोलण्यातल्या शिवीकडे वळतो (मत्तय ५:२१-२२). भावाला ‘राका’ म्हणणाऱ्याला तो सावध करतो. राका हा त्या काळच्या बोलीतला शब्द. रिकाम्या डोक्याचा, बिनडोक, असा त्याचा अर्थ. खुनाच्या आज्ञेशेजारी प्रभूने ही शिवी का ठेवली असेल? कारण शब्दानेही माणूस आतून मरतो. आणि एक गोष्ट विसरू नका. खुद्द प्रभूलाही त्याच्या आप्तांनी वेडा ठरवले होते. त्याला भान राहिलेले नाही असे म्हणून ते त्याला धरून न्यायला निघाले होते (मार्क ३:२१). तेव्हा ज्या घरातल्या मुलाला किंवा सुनेला गल्लीत ‘वेडी’, ‘मेंटल’ म्हटले जाते, त्या घराच्या बाजूला प्रभू स्वतः उभा आहे.

तरुण मित्रांनो, आता थोडे तुमच्याशी. हे शब्द टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. त्यांचा अर्थ मात्र नीट समजून घ्या. एक दिवस वाईट जाणे म्हणजे डिप्रेशन नव्हे. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहते, आवडीच्या गोष्टींतही गोडी उरत नाही, झोप व भूक बिघडते, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते. तेव्हा डॉक्टर त्या आजाराचा विचार करतात. ओसीडी म्हणजे स्वच्छतेची आवड नव्हे. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा मनात घुसतो आणि तो शमवण्यासाठी माणूस तीच कृती पुन्हा पुन्हा करतो. त्यात त्याचे तास जातात. बायपोलर आजारात मनाची भरती-ओहोटी तासातासाला होत नाही. ती अनेक दिवस, आठवडे टिकते. पॅनिक अटॅकमध्ये अचानक जबरदस्त भीती दाटते, छाती धडधडते, श्वास कोंडतो आणि आता आपण मरणार असे वाटते. ज्याला हे खरोखर होते त्याला विचारा. त्याला त्यात काहीच गंमत वाटत नाही.

शब्द स्वस्त झाला की नुकसान कोणाचे होते? खऱ्या आजाऱ्याचे. वर्गात सगळेच दिवसातून दहा वेळा ‘डिप्रेशन’ म्हणत असतील, तर ज्या एकाला ते खरोखर झाले आहे त्याचा आवाज कोणाला ऐकू येणार? आणि मोठ्यांनो, ‘सगळी थेरं’ म्हणून आपण कान बंद केले, तरी तोच एक जण एकटा पडतो. म्हणून बोलण्यात आलेला शब्द सोडून देऊ नका. ‘म्हणजे नेमके काय होते तुला? किती दिवसांपासून?’ असे शांतपणे विचारा. विशेषतः कोणी हसत हसत जरी म्हणाला, ‘संपवून टाकावंसं वाटतं’, तरी ते थट्टेवारी नेऊ नका. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारावे. तसे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कोणीतरी विचारले याने पुष्कळांना मोकळे वाटते.

पवित्र शास्त्रात याचा सुंदर धडा आहे. एलीया संदेष्टा किती धीराचा! कर्मेल डोंगरावर सर्वांसमोर तो एकटा उभा राहिला. पण ईजबेल राणीने त्याच्या जिवावर उठण्याची शपथ घेतली, तेव्हा तो रानात पळाला, एका झुडुपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागू लागला (१ राजे १९). देवाने त्याला काय सांगितले? ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे नाही. ‘लोड घेऊ नकोस’ असेही नाही. देवाने त्याला झोपू दिले. दूताने त्याला स्पर्श करून उठवले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले. तो पुन्हा झोपला; दूताने पुन्हा उठवून खाऊ घातले. पुढच्या लांब वाटचालीची गोष्ट त्यानंतर निघाली. आधी झोप, अन्न, जवळ बसलेले कोणीतरी, उपदेश मागाहून.

काही भाविक उदासीनता हे पाप समजून पापनिवेदनात सांगतात. आजार हे पाप नव्हे. गेथसेमनी बागेत प्रभूचाही जीव मरणप्राय कासावीस झाला होता. बाळ येशूच्या संत तेरेजेला आपण सारेच जाणतो. तिचे वडील लुई मार्टिन १८८९ ते १८९२ अशी तीन वर्षे फ्रान्समधील कां शहराच्या मनोरुग्णालयात होते. लोकांचे टोमणे त्या घरानेही सोसले. त्याच लुई मार्टिन यांना पोप फ्रान्सिस यांनी १८ ऑक्टोबर २०१५ रोजी, त्यांच्या पत्नी झेली यांच्यासह, संत म्हणून घोषित केले. रुग्णांचे आश्रयदाते संत जॉन ऑफ गॉड यांनाही ग्रानादा शहरात वेडे समजून इस्पितळात कोंडले होते. बाहेर आल्यावर त्यांनी आपले आयुष्य आजाऱ्यांच्या सेवेला वाहिले.

कोणाला ‘बाहेरचे’ झाले म्हणून दारोदार फिरवू नका. प्रार्थना जरूर करा, आम्हीही तुमच्यासाठी करतो. पण प्रार्थना सुरू केली म्हणून गोळ्या बंद करू नका. डॉक्टरचा मान राख, त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, असे सिराखच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय शिकवतो. या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर धीर धरावा लागतो. नाशिकच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आजच घरात सर्वांना दिसेल असा लिहून ठेवा.

ज्या घरांनी आपले माणूस आत्महत्येत गमावले आहे, त्यांनाही चर्च माता दूर लोटत नाही. जीव घेणे चूकच आहे. पण मनाच्या गंभीर आजाराने माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेली चर्चची धर्मशिकवण सांगते (२२८२-२२८३). आपणही त्या घराकडे बोट दाखवू नये. तेथे जाऊन बसावे, त्यांच्यासाठी मिस्सा मागावी.

प्रिय भाविकांनो, प्रभू येशूने थकलेल्यांना, ओझ्याने वाकलेल्यांना जवळ बोलावले. ओझेच नाही असे तो त्यांना म्हणाला नाही. आणि संत पौल गलतीकरांना एकमेकांचा भार वाहण्यास सांगतो (६:२). ‘लोड घेऊ नकोस’ हे शब्द प्रेमानेच म्हटलेले असतात, पण ते म्हणून आपण मोकळे होतो आणि ओझे त्याच्याच डोक्यावर राहते. या आठवड्यात आपल्या घरातल्या, शेजारच्या, पाळीवरच्या एकाला तरी आपण म्हणूया, ‘बस जरा. काय लोड आहे ते सांग. थोडा मी घेतो.’ गरज पडली तर त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत जाऊया.

हे प्रभो, ज्यांच्या मनात अंधार दाटला आहे त्यांच्याजवळ तू बस. आमच्या जिभेला आवर घाल, आमचे कान उघड आणि एकमेकांचे ओझे उचलण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.