रागाच्या पोटात काय आहे?



गेल्या पावसाळ्यात सिल्वासाजवळ अथाल येथे एका भक्ताच्या घरी आमचा मुक्काम होता. त्या परिसरात कारखाने उभे राहिले, तशी लातूर-सोलापूरकडची काही कुटुंबेही पोटामागे तिकडे गेली. पूजा आटोपल्यावर यजमानांनी आपल्या आठवीतल्या मुलाला पुढे बसवले. म्हणाले, "स्वामीजी, याला दोन शब्द सांगा. वर्गातल्या पोराचा दात पाडलाय. अभ्यासात लक्ष नाही, शाळेतून सारखं बोलावणं येतं."

आम्ही विचारले, "राग का आला?" "माहीत नाही," एवढेच उत्तर आले. मग आम्ही महात्मा बसवण्णांचे क्रोधावरचे वचन घेतले. घरात पेटलेली आग शेजारी पोहोचण्यापूर्वी आपलेच घर जाळते, हा त्याचा आशय आपणांस ठाऊक आहेच. अर्धा तास निरूपण झाले. मुलाने मान डोलावली, पाया पडला. चार चांगल्या गोष्टी सांगितल्याचे समाधान आम्हांस झाले.

रात्री प्रसादानंतर तोच मुलगा हातावर पाणी घालायला आला. आम्ही सहज विचारले, "गावाकडे कोण असतं, बाळा?" "आज्जी होती," तो म्हणाला आणि तांब्या धरून तसाच उभा राहिला. आज्जी मार्चअखेर गेली. परीक्षा होती म्हणून त्याला नेले नाही. पुढे शाळा उघडल्यावर त्या पोराने त्याच्या गावाकडच्या बोलण्याची नक्कल केली, सगळा वर्ग हसला. "आज्जी बोलायची तसंच मी बोलतो," एवढे बोलून तो आत निघून गेला.

वाचकहो, मुलाने "माहीत नाही" म्हटले ते खोटे नव्हते. त्याच्यापाशी त्या गोष्टीला शब्दच नव्हता. आणि आम्ही त्याला विचारण्याआधीच उत्तर सांगून मोकळे झालो.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव सांगितले आहेत: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. त्यांशिवाय तेहतीस व्यभिचारी भाव. आपण मुलाच्या पदरात यांतले किती घालतो? तो रडला तर "मुलगा असून रडतोस?" भ्याला तर "बायकांसारखा काय करतोस?" शोक गेला, भय गेले, लाज तर बोलायचीच नाही. मग उरतो एकटा क्रोध, आणि सगळ्यांचे काम तोच करू लागतो. गंमत पाहा, संस्कृतात 'राग' म्हणजे अनुरक्ती, ओढ. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ संताप झाला. त्या मुलाच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे होते.

येथे कोणी म्हणेल, स्वामीजी, दुःख सर्वांनाच असते, म्हणून काय दात पाडायचा? हा आक्षेप योग्य आहे आणि आम्ही तो टाळत नाही. दात पडला तो दुसऱ्या आईच्या लेकराचा. पण आपल्या आत काय उठले हेच ज्याला कळले नाही, त्याला त्याची जबाबदारी तरी कशी घेता येणार? तो फक्त शिक्षा भोगेल. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेतली मारहाण आणि मानसिक छळ वर्ज्य केला, हे योग्यच झाले. परंतु छडी काढून घेतल्यावर तिच्या जागी काय ठेवायचे, हे कलमाने येत नाही.

अमेरिकेतील शिकागो शहराच्या गरीब वस्त्यांतल्या शाळांत मुलांकडून एक खेळ करून घेतात. दोघांची जोडी, एकाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्याने तो तीस सेकंदांत मिळवायचा. बहुतेक मुले झोंबाझोंबी करतात, बोटे पिळतात. मग शिक्षक विचारतात, "चेंडू मागितला का नाही कोणी?" अशा वर्गांत मुले गोल करून बसतात, दिवसभरात काय वाटले ते सांगतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, कार्यक्रम चालू असताना या मुलांना हिंसक गुन्ह्यांत अटक होण्याचे प्रमाण ४५ ते ५० टक्क्यांनी घटले. आणि ज्या पहिल्या तुकडीचा पुढे मागोवा घेता आला, तिच्यात शालेय शिक्षण पुरे करण्याचे प्रमाण १२ ते १९ टक्क्यांनी वाढले. मुंबईतही २००८ पासून महापालिकेच्या काही शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींशी मारहाण आणि मुलगा-मुलगी भेद यांवर असेच बोलणे सुरू झाले होते.

हा खेळ वाचला तेव्हा आम्हांस सोन्नलिगीचा गुराखी आठवला. शिवयोगी सिद्धराम बालपणी अबोल होता. लोक त्याला मंद समजत. कथा अशी की रानात मल्लय्या आला आणि त्याने मुलाला उपदेश केला नाही. त्याने हुरडा मागितला! मग दहीभात मागितला. मुलगा धावत घरी गेला, परत आला तो मल्लय्या नाही. तेव्हा तो हंबरडा फोडून रडला. श्रीशैलाला निघालेल्या जंगमांनी त्याला 'रडू नको' म्हणून परत पाठवले नाही, बरोबर घेतले. ज्याला मंद म्हटले, त्यानेच पुढे सोलापूरचे तळे खोदवले.

कल्याणच्या अनुभवमंटपातही नावाडी अंबिगर चौडय्याला शास्त्र विचारले नाही. त्याचा अनुभव विचारला, आणि तो त्याने आपल्या बोलीत सांगितला. आमच्यासारख्या संस्कृत पाठशाळेत वाढलेल्याने हे विसरावे, याची लाज वाटते. आपल्या घरीही इष्टलिंगपूजेनंतर घटकाभर हे होऊ शकते. मात्र आधी बापाने स्वतःच्या दिवसाचे सांगावे. मुलाची उलटतपासणी सुरू केलीत तर तो पुन्हा "माहीत नाही" म्हणेल.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक त्या दुसऱ्या मुलाच्या घरी जाऊन क्षमा मागून आले. आम्ही निघताना यजमानांना विचारले, "आई गेल्या, तेव्हा तुम्ही रडलात का?" ते जरा थांबले. "रडायला वेळ कुठं मिळाला, स्वामीजी? माती देऊन आलो आणि चौथ्या दिवशी पाळीवर हजर." मुलगा आमची पिशवी घेऊन दारात उभा होता. तो बापाकडे पाहत राहिला. हे त्याने पहिल्यांदाच ऐकले होते.