उधाण आणि बांध

आमच्या खारघरला सिडकोचं फुटबॉल मैदान झालं, तशा पारावरच्या गप्पा बदलल्या. संघ जिंकला की प्रशिक्षक "नशीबवान हाय", हरला की "त्याला अक्कल नाय".

खरं काय, ते पाहायला गोव्याचे आर्मांदो कुलासो घ्या. धेंपो क्लबला त्यांनी २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. एखादं नशिबानं मिळेल. आठात पाच नाही. आणि नशीब तरी कुठं सरळ होतं? डिसेंबर २००४ मध्ये फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात धेंपोचे दोन्ही गोल करणारा ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर मैदानावरच गेला. त्याच हंगामात संघानं लीगही जिंकली.

खाडीकाठी भात लावणारा आमचा आजा म्हणायचा, "उधाण कवा चढंल ते आपल्या हातात नाय, बांध हाय." मला हे पटतं, पण अर्धंच. बांध बसायलाही वर्षं लागतात. कुलासोंना एकाच क्लबात दहाहून जास्त वर्षं मिळाली. कितीकांना एका हंगामात घरी पाठवतात. त्यांचं कसब दिसणार कधी?

म्हणजे वेळ मिळणं हेच मोठं नशीब. आणि ते आभाळातून पडत नाही, माणसंच देतात. नव्या मास्तरला, शेती हाती घेतलेल्या पोराला पहिल्याच सुगीला नावं ठेवतो, तेव्हा त्यांचं नशीब आपणच लिहीत असतो.